शरद, शिंका आणि खळे

मराठी साहित्यातील शरद ऋतू बहुधा चांदण्याचा असतो. कोजागिरी, निरभ्र आकाश, निवळलेले पाणी एवढ्या सामग्रीवर त्याची वर्णने उभी राहतात. कर्जत तालुक्यातील शेलूला राहणाऱ्या आम्हां प्राध्यापक मंडळींचा शरद मात्र शिंकांनी सुरू होतो. पाऊस सरता सरता गवत फुलोऱ्यावर येते, पाठोपाठ भाताची कापणी आणि झोडणी येते, आणि सकाळची लोकल गाठेपर्यंत हातरुमाल भिजलेला असतो.

या शिंकांनाही इतिहास आहे. शरद ही वैद्यांची आई, असे जुने संस्कृत वचन सांगते. रोगी पुरवून वैद्यांना पोसणारा हा ऋतू. चरकसंहितेने प्रतिश्यायाच्या, म्हणजे पडशाच्या, कारणांत धूळ, ऋतुवैषम्य आणि अतिभाषण यांची एकत्र गणना केली आहे. अध्यापकांना ही यादी आपल्यासाठीच केली असावी असे वाटले तर नवल नाही.

युरोपात जॉन बॉस्टॉक या डॉक्टरांनी १८१९ साली लंडनच्या वैद्यकीय मंडळापुढे स्वतःच्याच मोसमी पडशाचे टिपण वाचले. पुढे १८२८ साली त्यांनी आणखी रुग्णांची माहिती दिली आणि हा विकार गरिबांत आढळत नाही, असे नोंदवले. १८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून दोष परागकणांचा ठरवला. शेतकऱ्यांत हा रोग विरळ, हे त्यांचेही निरीक्षण होते. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. तोवर शिंका ही जणू प्रतिष्ठितांची खूण झाली होती आणि अमेरिकेतील सधन रुग्ण त्या मोसमात डोंगरावर जाऊन राहत.

डोंगर आमच्याही डोळ्यांसमोर आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली माथेरानवर चढले आणि तेथे मुंबईकरांचे हवा पालटण्याचे ठिकाण वसले. १९०७ साली नेरळहून छोटी गाडीही वर जाऊ लागली. ज्यांना शक्य होते ते वर गेले. खळे खालीच राहिले.

मग गरिबाला शिंक येतच नव्हती काय? बॉस्टॉक यांच्या शतकभर आधी, १७०० साली, इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी धान्य चाळणाऱ्या आणि मोजणाऱ्या मजुरांच्या खोकल्याची, चुरचुरणाऱ्या डोळ्यांची नोंद केली होती. शेतात वाढलेल्या मुलांना ॲलर्जी कमी होते, असे युरोपातील अलीकडचे अभ्यास सांगतात. तेव्हा ब्लॅकली यांचे निरीक्षण अगदीच निराधार नव्हे. परंतु डॉक्टरांच्या दारी न पोहोचणारा रुग्ण नोंदीत येणार तरी कसा? वाचकाच्या शिंकेला 'विकार' हे नाव मिळाले, मजुराच्या खोकल्याला 'धंद्यातला त्रास'.

आम्ही खिडक्या लावून घेतो, बाहेरून आल्यावर तोंड धुतो, वाफ घेतो, फारच झाले तर डॉक्टरांनी दिलेली गोळी. झोडणी करणारी बाई पदर नाकावर बांधते आणि काम चालू ठेवते. दिवाळीनंतर इथली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे धूळ असतेच, खिडकी नसते. मराठीत 'वावडे' हा फार नेमका शब्द आहे. धुळीचे वावडे नाकाला असते. ते सांगण्याची मुभा मात्र सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. शरदाचे वर्णन शिकवताना वर्गात चांदण्याबरोबर खळ्यावरचा कोंडाही यावा, असे आम्हांला वाटते.