मालिंदीच्या दोन मैत्र्या

परराष्ट्रसंबंध म्हटले कीं मोठमोठ्या राजधान्या आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु एखादें लहानसें बंदरही दूरच्या खंडांशीं आपलें राजकारण चालवूं शकतें. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील, आजच्या केनिया देशांतील मालिंदी हें तसें शहर होय.

इ. स. १४१५ मध्यें मालिंदीच्या वकिलांनीं चीनच्या युंग-लो बादशहास एक जिराफ नजर केला. सुराज्यांतच अवतरणारा 'कि-लिन' नामक मंगल प्राणी तो हाच, असें चिनी दरबारानें मानिलें. पुढें १४१७ मध्यें निघालेल्या झेंग-हे या सेनापतीच्या आरमारानें वकिलांना सन्मानानें स्वदेशीं पोंचविलें. या व्यवहारांत मालिंदीनें कांहींच गमावलें नाहीं.

दुसरी मैत्री मात्र निराळी ठरली. १४९८ च्या एप्रिलांत वास्को द गामा तेथें आला. नुकतेंच त्याचें मोंबासा येथें बिनसलें होतें, आणि मोंबासा तर मालिंदीचें जुनें प्रतिस्पर्धी! सुलतानानें पाहुण्यास अन्नपाणी दिलें, वाटाड्या दिला. मे महिन्यांत गामा कालिकतनजीक पोंचला. हिंदुस्थानच्या इतिहासास कलाटणी देणारा हा प्रवास दोन शेजाऱ्यांच्या वैरामुळें असा सुकर झाला.

पोर्तुगीजांनीं १५०५ व १५२८ मध्यें मोंबासा लुटलें. १५८९ मध्यें त्याचा पुरता पाडाव झाला आणि १५९३ पासून तेथें 'फोर्ट जीझस' हा किल्ला उभा राहूं लागला. कप्तानाचें ठाणें मालिंदीहून तिकडे हललें. पाठोपाठ सुलतानाची गादीही गेली. वैऱ्याचें नगर हातीं आलें, पण मालिंदी ओस पडत चाललें. पुढें कप्तानांशीं तंटे वाढले व १६१४ मध्यें सुलतान हसन याचा पोर्तुगीजांच्या चिथावणीनें खून झाला.

त्याचा अल्पवयी पुत्र युसुफ यास गोव्यास नेऊन ख्रिस्ती करण्यांत आलें व 'दों जेरोनिमो' हें नांव देण्यांत आलें. मांडलिक म्हणून तो मोंबासाच्या गादीवर बसला. परंतु ऑगस्ट १६३१ मध्यें त्यानें किल्ल्यांत शिरून कप्तानास ठार केलें व पुन्हां इस्लाम स्वीकारला. पुढल्याच वर्षीं त्याला किल्ला सोडून समुद्रावर परागंदा व्हावें लागलें. मालिंदीच्या राजघराण्याची सत्ता तेथें संपली.

दूरच्या बलवंताशीं स्नेह जोडणें गैर नव्हे; चीनशीं तो जोडलाच होता. शेजाऱ्याचें पारिपत्य करण्यासाठीं परक्यास घरांत घेतलें, तेव्हां मात्र घरधनी कोण हें ठरविणें सुलतानाच्या हातीं उरलें नाहीं.