भाडेपावती आणि वार्धक्य

मुंबई शहरात ज्या पिढीने गिरणीत, गोदीत, पेढीवर वा एखाद्या कचेरीत कारकुनी करून आयुष्य वेचले, तिच्या म्हातारपणाची तजवीज कोणी केली, असा प्रश्न विचारला तर निवृत्तिवेतनाच्या, आणि खरे सांगायचे तर कित्येकदा मुलांच्याही, आधी एका कायद्याचे नाव घ्यावे लागते; आणि तो कायदा तर वृद्धांसाठी केलेलाच नव्हता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली तेव्हा 1918 साली इलाख्याच्या सरकारने घरमालकांवर निर्बंध घातले, आणि युद्धाची निकड ओसरल्यावर ते निर्बंधही मुदतवाढी घेत घेत विरले. दुसऱ्या युद्धाने तीच निकड दुप्पट वेगाने परत आणली आणि 1947 साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा संमत झाला. त्याने प्रमाणभाडे सामान्यतः 1 सप्टेंबर 1940 रोजीच्या रकमेशी जखडून टाकले. हा बंदोबस्तही तात्पुरताच होता. परंतु मुदत संपत आली की विधिमंडळाने ती वाढवावी, असे करता करता अर्धे शतक लोटले. सरकारी तात्पुरतेपणाइतके चिरंजीव दुसरे काही नसते.

ज्याने ऐन उमेदीत दहा-बारा रुपये भाड्याने चाळीतली खोली घेतली, त्याचे हातपाय थकले तरी भाडे जवळजवळ तेथेच राहिले, आणि मिळकत थांबल्यावर माणूस ज्या एका खर्चाने रस्त्यावर येतो तो खर्चच नगण्य झाला. त्याहून मोलाचे कलम वारसाचे होते. भाडेकरू मृत्यू पावल्यास त्याच्यासोबत राहणारे कुटुंबीय कायद्याने भाडेकरू ठरत. म्हणून नवरा गेल्यावर तेराव्या दिवशी खोली खाली करण्याची पाळी विधवेवर आली नाही. मालकाला स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असली तरी हुकूमनामा देण्यापूर्वी, अधिक हालअपेष्टा कोणाच्या वाट्याला येतील, मालकाच्या की भाडेकरूच्या, हे न्यायालयाने तोलून पाहावे अशी तरतूद होती. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात त्यामुळे असे दावे चालत की वादी आणि प्रतिवादी दोघेही आपापले वय, दमा आणि मोतीबिंदू पुराव्यात दाखल करीत.

हा हक्क मात्र आयता मिळत नसे. तो वर्षानुवर्षे कागदोपत्री जपावा लागे. मालक भाडे घेईनासा झाला की भाडेकरूने ते मनीऑर्डरने पाठवावे, ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारलेला फॉर्म परत आला की तो पावत्यांच्या पुडक्यात घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा टपालकचेरीच्या रांगेत उभे राहावे, हा कित्येक निवृत्तांचा नित्यनेम होता. थकबाकी दाखवून बेदखल करू पाहणाऱ्या मालकाविरुद्ध तेच त्यांचे चिलखत. कोकणातून आलेल्या गिरणीकामगाराला तर आणखी एक पेच पडे. सबळ कारणावाचून सहा महिने जागा वापरात नसेल तर कब्जा मागण्याची मुभा कायद्याने मालकाला दिली होती. सबब निवृत्तीनंतर गावी जाऊन भातशेती आणि देवघर सांभाळण्याची इच्छा असली, तरी मुंबईच्या खोलीत चूल पेटती ठेवणे भाग असे. शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव, आणि विजेच्या बिलावर निदान काही युनिटे जळल्याची नोंद, यांवर असे दावे तोलले जात. म्हातारा गावी आणि म्हातारी खोलीत, अशी संसाराची वाटणी या कलमाने किती घरांत केली असेल!

मालकाची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाड्याच्या उत्पन्नात डागडुजी भागेना, आणि पुष्कळ मालकही म्हातारेच होते. त्यांनी यातून काढलेली वाट म्हणजे पागडी. ती घेणे कायद्याने गुन्हा होता आणि व्यवहारात रिवाज. खोली हस्तांतरित होताना मालकाने आपला हिस्सा कापून घ्यावा आणि पावतीवर नवे नाव लिहून द्यावे, हे सर्वांना ठाऊक होते. ज्या विधवेच्या पतीने पागडी मोजलेली असे, तिच्या लेखी ती खोली भाड्याची नव्हतीच. ती आयुष्यभराची पुंजी होती, आणि तिचा लेखी पुरावा मात्र कोठेही नव्हता. भिंती इकडे खचत होत्या. 1969 साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि 19,642 इमारती त्या उपकराखाली आल्या. माझे मत विचाराल तर या कायद्याने भाडेकरूचे आसन राखले, पण ज्या तक्तपोशीवर ते मांडलेले होते तिची फिकीर कोणीच केली नाही. आणि जिने, सज्जे, टेकू यांच्या त्या दुरवस्थेची झळ सर्वांत आधी पोहोचली ती ज्यांना तिसरा मजला चढवत नव्हता त्यांना.

आणखी एक उणीव घराच्या आतली होती. पती निवर्तल्यावर हक्क कोणाकडे जावा हे कुटुंबीयांनी आपसांत ठरवायचे, न जमल्यास न्यायालयाने. थोरल्या मुलाचे नाव लावावे असा सल्ला मिळे, आई संमतिपत्रावर अंगठा वा सही करी, आणि त्या क्षणापासून ती आपल्याच खोलीत आश्रित होई. दारात मालकाला अडवणारा कायदा आतल्या सुनेपुढे आणि मुलापुढे मुका होता. मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकून त्यासाठी न्यायाधिकरणे नेमणारा आईवडिलांचा कायदा आला तो थेट 2007 साली.

तत्पूर्वी 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही असा निर्वाळा दिला. त्यानंतर नवा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याने दरसाल चार टक्के भाडेवाढ आणि पागडीला राजमान्यता दिली. ज्यांची इमारत कोसळली वा धोकादायक म्हणून रिकामी झाली, ते म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत गेले. काहींच्या इमारती पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत, आणि ‘तात्पुरत्या’ त्या खोल्यांत दशके काढावी लागली. अशांसाठी म्हाडा एक बृहद्‌यादी ठेवते. तिच्यात नाव लागून कायमचे घर मिळवायचे तर जुन्या जागेच्या भाडेपावत्या दाखल कराव्या लागतात; पावती दिवंगत वडिलांच्या नावे असली तर आधी वारस सिद्ध करायचा, आणि तोवर अर्जदार स्वतःच सत्तरीला टेकलेला असतो.