कायोटीचें नगरागमन : एका फसलेल्या युद्धाची हकीकत



२००७ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील शिकागो शहराच्या ऐन बाजारपेठेंत, दिवसाढवळ्या, एका फराळाच्या दुकानांत एक चौपायी गिऱ्हाईक शिरलें. दार उघडेंच होतें. शीतपेयांच्या बाटल्या ठेवण्याचें जें थंडगार कपाट तेथें होतें, त्यांत तें जाऊन बसलें. त्यानें कोणास चावा घेतला नाहीं, कीं कोणावर दांत विचकले नाहींत. अखेरीस नगरपालिकेच्या माणसांनीं येऊन त्याला नेलें. त्यापूर्वीं पांच वर्षें, २००२ सालीं, पोर्टलंड शहराच्या विमानतळावर असेंच एक जनावर शहरांतल्या आगगाडीच्या डब्यांत चढून बाकावर अंगाची मोट करून पहुडलेलें लोकांनीं पाहिलें होतें.

हें जनावर म्हणजे कायोटी. आपल्या कोल्ह्याच्या गोतांतलें. अंगानें कोल्ह्याहून थोरलें, लांडग्याहून पुष्कळ लहान. रंगानें करडें-भुरें, कान उभे व टोकदार, शेपटी झुपकेदार, आणि सांजवेळीं सूर लावण्याची मोठी हौस. शिकागो, न्यूयॉर्क, बोस्टन, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, डेन्व्हर या सर्व शहरांत आज त्याचें बिऱ्हाड आहे. बागेंत, रेल्वेच्या रुळांकडेला, दफनभूमींत, क्वचित् एखाद्या गृहस्थाच्या परसांतहि.

हें कसें घडलें, असें विचारलें म्हणजे दोन उत्तरें ठरलेलीं असतात. एक, जनावरें अलीकडे फार धीट झालीं. दुसरें, शहरांनीं रान गिळलें, मग बिचाऱ्यांनीं जावें कोठें? दोन्ही उत्तरांत थोडें तथ्य आहे; परंतु कायोटीच्या बाबतींत तीं पुरीं पडत नाहींत. कारण, ज्या न्यूयॉर्क-बोस्टनच्या मुलुखांत तो आज सुखानें नांदत आहे, तेथें घनदाट अरण्य होतें त्या काळीं तो मुळीं नव्हताच. अरण्य होतें तेव्हां जो नव्हता, तो अरण्य गेल्यावर आला. तेव्हां या कोड्याचा उलगडा जनावराच्या स्वभावांत शोधण्यापेक्षां मनुष्याच्या इतिहासांत शोधणें अधिक फलदायी होईल.

कायोटी आणि मनुष्य यांची ओळख जुनी आहे. हें नांवच मुळीं मेक्सिकोंतील आझ्टेक लोकांच्या नाहुआट्ल भाषेंतील ‘कोयोट्ल’ या शब्दापासून आलें. आझ्टेकांची राजधानी १५२१ सालीं स्पॅनिश सेनापति कोर्तेझ यानें जिंकली व नंतर कांहीं काळ जेथें आपला मुक्काम ठेवला, त्या गांवाचें नांव कोयोआकान, म्हणजे ‘कायोटींचें ठिकाण’. तें गांव आज मेक्सिको शहराचा एक भाग होऊन राहिलें आहे. उत्तर अमेरिकेंतील अनेक मूळ रहिवासी जमातींच्या कथांतहि कायोटी वावरतो. कोठें तो सृष्टीच्या उत्पत्तीस हातभार लावतो, कोठें लबाडी करून स्वतःच फसतो. आपल्या पंचतंत्रांतील करटक-दमनकांची आठवण व्हावी असेंच हें पात्र आहे. सारांश, या लोकांच्या लेखीं तो धूर्त शेजारी होता, हाडवैरी नव्हता.

वैर आलें तें युरोपियन वसाहतवाल्यांबरोबर. १८०४ मध्यें पश्चिमेकडे निघालेल्या लुइस व क्लार्क यांच्या मोहिमेनें या प्राण्याची नोंद ‘गवताळ रानांतला लांडगा’ अशी केली. आणि १८२३ सालीं टॉमस से या शास्त्रज्ञानें त्याला जें लॅटिन नांव दिलें त्याचा अर्थ ‘भुंकणारा कुत्रा’ असा होतो. त्या वेळीं त्याचा मुलूख म्हणजे पश्चिमेकडील मोकळीं मैदानें आणि वाळवंटें. पूर्वेकडील जंगलांत लांडग्यांचें राज्य होतें, आणि लांडगा आपल्या हद्दींत कायोटीला सुखासुखी नांदूं देत नाहीं. पुढें मैदानांत मेंढ्यांचे कळप आले. मेंढपाळांचें नुकसान होऊं लागलें, हें खोटें नव्हे. त्यांतच मार्क ट्वेन याच्यासारख्या लोकप्रिय लेखकानें १८७२ च्या आपल्या प्रवासवर्णनांत या प्राण्याची यथेच्छ टवाळी केली. अशा रीतीनें उपद्रवाला उपहासाची जोड मिळाली, आणि कायोटी हा दयेस अपात्र ठरला.

यानंतरचा इतिहास एखाद्या युद्धाच्या इतिहासासारखा वाचावा लागतो. मारलेल्या जनावरामागें बक्षीस देण्याची चाल होतीच. १९१५ सालीं अमेरिकन काँग्रेसनें हिंस्र प्राण्यांच्या संहारासाठीं सरकारी पैसा मंजूर केला, आणि हें काम जीवशास्त्रीय पाहणीच्या सरकारी खात्याकडे आलें. म्हणजे जें खातें प्राण्यांच्या अभ्यासासाठीं जन्मास आलें, तेंच त्यांच्या निर्मूलनाचे उपाय शोधूं लागलें. १९३१ च्या कायद्यानें या कामासाठीं दहा वर्षांत एक कोटी डॉलर खर्च करण्यास मान्यता दिली. सांपळे झाले, बंदुका झाल्या, विषारी आमिषें झालीं. दुसऱ्या महायुद्धानंतर अधिक जालीम विषें हातीं आलीं. १९४७ ते १९५६ या काळांत पश्चिमेकडील संस्थानांत सुमारें ६५ लाख कायोटी मारले गेले, असा हिशेब इतिहासकारांनीं मांडला आहे.

या धामधुमींत शंका काढणारे कोणी नव्हतेच असें मात्र नाहीं. अडॉल्फ म्यूरी या शास्त्रज्ञानें यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांतील कायोटींचा दोन वर्षें अभ्यास करून १९४० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा कीं, हा प्राणी मुख्यत्वें उंदीर-घुशींच्या जातीचे लहान जीव, टोळ आणि मेलेलीं जनावरें यांवर जगतो. उद्यानांतील हरणांचे कळप त्याच्यामुळें धोक्यांत आलेले नाहींत. परंतु ज्या काळांत एखाद्या कामावर पैसा, माणसें आणि प्रतिष्ठा गुंतलेली असते, त्या काळांत पुराव्याला कान कोण देतो? युद्ध चालूच राहिलें. १९७२ सालीं अध्यक्ष निक्सन यांनीं सरकारी जमिनींवर अशीं विषें वापरण्यास बंदी केली. तथापि सांपळे व बंदुका थांबल्या नाहींत. सरकारी खात्याकडून आजहि तेथें दरवर्षीं हजारों कायोटी मारले जातात.

आणि या साऱ्याचें फळ काय? कायोटी नाहींसा झाला नाहींच. उलट त्याचा मुलूख वाढला. एके काळीं पश्चिमेकडच्या मैदानांपुरता असलेला हा प्राणी उत्तरेस अलास्कापर्यंत गेला, पूर्वेस अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यास लागला, आणि दक्षिणेकडे मध्य अमेरिका ओलांडून पनामापर्यंत पोहोंचला. हवाई बेटें सोडलीं तर अमेरिकेचें एकहि संस्थान आज त्याच्यावांचून राहिलेलें नाहीं. पूर्वेकडे येतांना वाटेंत लांडग्यांशीं व कुत्र्यांशीं त्याचा संकर झाला, त्यामुळें पूर्वेकडचे कायोटी अंगानें अधिक भरदार आहेत.

या उफराट्या परिणामाचीं कारणें तीन आहेत. पहिलें असें कीं, मनुष्यानें कायोटीच्या आधीं लांडग्याचा निकाल लावला. यलोस्टोनमधील शेवटचे लांडगे १९२६ सालीं मारले गेले; पूर्वेकडील तर त्याच्या कितीतरी आधींच. राजानें स्वतःच शेजाऱ्याचा पहारा उठवावा आणि मग चोर आला म्हणून ओरड करावी, तसेंच हें झालें. याचा पडताळाहि पुढें मिळाला. १९९५ सालीं यलोस्टोनमध्यें लांडगे पुन्हां आणून सोडले, तेव्हां त्यांच्या वावराच्या भागांत कायोटींची संख्या कांहीं वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर आली. दुसरें कारण, जंगलें तोडून शेतें व कुरणें झालीं आणि मोकळ्या जागेंत वाढलेल्या प्राण्यास रस्ता सांपडला. तिसरें कारण सर्वांत नवलाचें आहे. कायोटींची एक जोडी आपली हद्द राखून राहते व परक्यास तेथें थारा देत नाहीं. या जोडीला मारलें कीं हद्द मोकळी होते, आणि वाट पाहत भटकणारे तरुण कायोटी तेथें येऊन बसतात. शिवाय संख्या घटली कीं उरलेल्यांस अन्न मुबलक मिळतें, अधिक माद्या वितात व अधिक पिलें जगतात. कॅलिफोर्नियांतील दोन अभ्यासकांनीं १९७५ सालीं गणित मांडून दाखविलें, कीं दरवर्षीं शंभरांतील ७५ कायोटी मारले तरी त्यांचा निर्वंश होण्यास पन्नासांहून अधिक वर्षें लागतील!

अशा रीतीनें पसरत आलेला हा प्राणी शहराच्या वेशीशीं येऊन ठेपला, तेव्हां त्यास काय दिसलें? तेथें लांडगा नाहीं, सांपळा नाहीं, बंदूक झाडण्यास मज्जाव. आणि उंदीर, ससे, फळझाडें यांची चंगळ. मग त्यानें आंत कां येऊं नये? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत तो १९९० नंतरच्या दशकांत दिसूं लागला, आणि १९९९ सालीं थेट सेंट्रल पार्कमध्यें सांपडला.

शिकागोच्या परिसरांत २००० सालापासून ओहायो स्टेट विद्यापीठाचे स्टॅन्ली गेर्ट हे प्राध्यापक व त्यांचे सहकारी या नगरवासी कायोटींचा अभ्यास करीत आले आहेत. शेंकडों जनावरांच्या गळ्यांत त्यांनीं रेडिओचे पट्टे बांधले. या अभ्यासांतून जें बाहेर आलें, त्यानें पुष्कळ समजुती खोट्या ठरविल्या. शहरांतले कायोटी हे वाट चुकलेले पाहुणे नसून तेथेंच जन्मलेले, तेथेंच संसार थाटलेले रहिवासी आहेत. माणसांस चुकविण्यासाठीं ते बहुतेक हालचाल रात्रीं करतात. त्यांचा मोठा काळ म्हणजे मोटारगाडी. चौदाशेंहून अधिक विष्ठेच्या नमुन्यांची तपासणी झाली. त्यांतील शेंकडा ४२ नमुन्यांत उंदरांसारखे लहान प्राणी, २३ त फळें, २२ त हरिण व १८ त ससे यांचे अवशेष मिळाले. माणसाच्या उष्ट्या-खरकट्याचा अंश अवघ्या दोन टक्के नमुन्यांत, आणि मांजरांचा त्याहूनहि कमी. उकिरडे फुंकणारा हा भिकारी नव्हे. तो आपली रोजी स्वतः मिळवितो.

परंतु एवढ्यावरून सर्व आलबेल आहे असें म्हणणें श्रोत्यांची फसवणूक केल्यासारखें होईल. १९८१ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्लेंडेल गांवीं तीन वर्षांची एक मुलगी घराच्या अंगणासमोर कायोटीच्या हल्ल्यांत मरण पावली. २००९ सालीं कॅनडाच्या एका राष्ट्रीय उद्यानांत एका तरुणीचा असाच अंत झाला. संपूर्ण उत्तर अमेरिकेंत नोंदलेले मृत्यू हे दोनच, आणि कुत्र्यांच्या हल्ल्यांत तेथें दरवर्षीं याहून कितीतरी अधिक माणसें दगावतात, हें खरें. पण ज्या आईचें मूल गेलें तिच्यापुढें हें त्रैराशिक कोणी मांडावें? भय खोटें नाहीं. प्रश्न एवढाच, कीं भयाच्या पोटीं योजलेला उपाय भय कमी करतो काय?

ग्लेंडेलच्या त्या घटनेनंतर घराच्या आसपास अर्ध्या मैलांत ८० दिवसांत ५५ कायोटी पकडले किंवा मारले गेले. एवढ्याशा जागेंत इतकीं जनावरें गोळा होतात, तीं नुसत्या रानाच्या ओढीनें नव्हे. उघड्यावरचें अन्न, पाळीव जनावरांसाठीं बाहेर ठेवलेलीं ताटें, आणि हौसेनें टाकलेले घांस यांनींच त्यांचें भय मोडतें. कॅनडांतील व्हँकूव्हर शहराच्या स्टॅन्ली पार्कमध्यें २०२० च्या डिसेंबरपासून पुढच्या कांहीं महिन्यांत चाळिसांहून अधिक लोकांस कायोटींनीं चावे घेतले, तेव्हांहि हाताळण्याचा मुख्य मुद्दा हाच निघाला, कीं लोक त्यांना खाऊं घालीत होते. तेथें ११ कायोटींना प्राणांस मुकावें लागलें. चूक दयाळू हातांची, आणि प्रायश्चित्त जनावरांस!

हा धडा आपल्यापासून फार दूरचा नाहीं. पुणें जिल्ह्यांतील जुन्नरच्या उंसाच्या मुलुखांत बिबटे मनुष्यवस्तीच्या जवळ राहतात. २००१ सालापासून तेथें त्यांना पिंजऱ्यांत धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर हातीं घेण्यांत आला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसून आलें, कीं त्यापूर्वीं माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी चार होत असत, ते या उपक्रमानंतर सतरांवर गेले. बिबट्या हा कायोटी नव्हे. त्याचा धोका कितीतरी मोठा आहे, म्हणून कायोटीचा हिशेब त्यास जसाच्या तसा लावूं नये. तथापि एक गोष्ट दोहोंकडे समान आहे. जनावर काढून टाकल्यानें प्रश्न निघून जात नाहीं. ओळखीचें जनावर जातें आणि अनोळखी येतें.

तर मग उपाय काय? अमेरिकेंतील कित्येक नगरपालिकांनीं आतां जो मार्ग धरला आहे, तो फार साधा आहे. कचऱ्याचीं झांकणें घट्ट लावावीं. अन्न अंगणांत ठेवूं नये. लहान मुलांस व छोट्या कुत्र्यांस एकटें सोडूं नये. जनावर समोर आलें तर पळूं नये, हात उंचावून मोठ्यानें ओरडावें, म्हणजे त्याच्या मनांतलें माणसाचें भय ताजें राहतें. आणि जें जनावर माणसावर धांवून येतें, तेवढ्याचाच बंदोबस्त करावा. या मार्गांत पराक्रम नाहीं, म्हणून तो पटकन् पटत नाहीं. परंतु शंभर वर्षें जें काम विष, बंदुका आणि कोट्यवधि डॉलर यांनीं साधलें नाहीं, तें साधण्याची शक्यता घरोघरच्या या किरकोळ शिस्तींतच आहे. रानटी शेजाऱ्याशीं वागण्याची रीति सरकारी खात्यांनीं ठरवावी असें आपण समजतों. इतिहास सांगतो कीं ती प्रत्येक घराच्या मागील दाराशीं ठरत असते.