सनद, थैली आणि जासूद

1991 सालच्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी हेलसिंकीहून ताम्पेरे नगराच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांच्याशी जे संभाषण केले, ते जीएसएम पद्धतीच्या जाळ्यावरील पहिले संभाषण म्हणून इतिहासात नोंदले गेले. आणि त्यानंतर पुरते आठ आठवडेही लोटले नव्हते तोच, 25 ऑगस्टला, त्याच हेलसिंकीतील लिनुस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. पहिल्या घटनेतून सिमकार्ड घरोघर पोहोचले, दुसरीतून लिनक्स उभे राहिले. एकाच भूमीत, एकाच उन्हाळ्यात रुजलेल्या या दोन गोष्टींमध्ये ज्या एका नखाएवढ्या चिपवरून पुढे तंटा उभा राहिला, आणि ज्या चिपवरच तो पुष्कळसा मिटला, तिची कुळकथा येथे सांगावयाची आहे.

सिम हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो 'सब्स्क्रायबर आयडेंटिटी मॉड्यूल' या तीन शब्दांच्या आद्याक्षरांचा आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. म्युनिकच्या गीझेके उंड डेव्हरिएंट या नोटा छापणाऱ्या जुन्या पेढीने पहिली सिमकार्डे तयार केली आणि त्यांतील पहिली तीनशे फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीला विकली. ज्या पेढीच्या हाताला चलनाच्या विश्वासार्हतेचे वळण होते, तिच्याच हातून ही वस्तू घडावी यात मला मोठे औचित्य दिसते. कारण सिम ही मुळात एक सनद आहे. पूर्वी वतनदाराची सनद त्याच्या दप्तरात असे. तो कोणत्या घोड्यावर बसून आला यावरून त्याचा हक्क ठरत नसे. सिमची रचनाही तशीच आहे. तिच्यात पंधरा अंकांपर्यंतचा एक क्रमांक असतो, त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात (भारताचे 404 आणि 405), आणि त्याच्या जोडीला 128 बिटांची एक गुप्त किल्ली असते, जी कार्डाच्या बाहेर कधीच पडत नाही. जाळे एक यादृच्छिक संख्या पाठवते, कार्ड आपल्या किल्लीने तिचे उत्तर काढून देते, आणि उत्तर जुळले की रुजवात झाली. या सगळ्या व्यवहारात फोन हा केवळ घोडा. तो कोणाचा, कोठे घडलेला, त्याच्या पोटात कोणती प्रणाली चालते, हे कोणी विचारीत नाही.

ही विचारणा होत नव्हती म्हणूनच पुढच्या पिढीतल्या काही जिद्दी माणसांना लिनक्सवर चालणारे आपले फोन आपण घडवता आले. 2007 साली ओपनमोको या प्रकल्पाच्या मंडळींनी निओ 1973 नावाचा फोन काढला. त्याच्या नावातले वर्ष हे मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून केलेल्या पहिल्या संभाषणाचे. 2009 साली नोकियाचा एन 900 आला. कॅनॉनिकल कंपनीने 2013 साली जाहीर केलेली उबुंटू टच ही फोनांसाठीची प्रणाली तिने 2017 मध्ये सोडून दिली, तेव्हा यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी ती आपल्या अंगावर घेतली. त्याच वर्षी जुन्या फोनांना दहा वर्षांचे आयुष्य मिळावे या हेतूने पोस्टमार्केटओएस ही प्रणाली सुरू झाली. आणि 2020 च्या आरंभी पाइन 64 चा पाइनफोन लोकांच्या हातांत पडू लागला. यांतल्या एकाही फोनाला दूरसंचार कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागले नाही. बाजारातले कोणतेही कार्ड आणावे, खाचेत सारावे आणि बोलावे. फोनातला मोडेम बहुधा बंदिस्तच असे, हे खरे. पण सनद ग्राहकाच्या हातात होती आणि ती हातात होती तोवर दार उघडे होते.

दरम्यान कार्ड झिजत गेले. आरंभी ते आजच्या बँकेच्या कार्डाएवढे, 85.6 मिलिमीटर लांब होते. मग 25 गुणिले 15 चे झाले, मग 15 गुणिले 12 चे, आणि 2012 साली 12.3 गुणिले 8.8 चे. इतके झिजल्यावर पुढची पायरी म्हणजे ते दिसेनासेच होणे. सहा मिलिमीटर लांब व पाच रुंद अशी एक चिप फोनाच्या पाटीवर कायमची डकवावयाची, आणि ग्राहकाची ओळख तिच्यात आंतरजालावरून उतरवून घ्यावयाची, ही ती पायरी, हेच ई-सिम. जीएसएमए या दूरसंचार कंपन्यांच्या संघाने ग्राहकोपयोगी वस्तूंसाठीचे त्याचे नियम 2016 साली प्रसृत केले, 2017 साली गूगलच्या पिक्सेल 2 मध्ये ते आले, आणि 2022 साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन 14 ला सिमची खाचच उरली नाही. आपण मात्र अजूनही "ई-सिम टाकलं का?" असेच विचारतो, वस्तू नाहीशी झाली तरी तिच्यासाठी घडलेले क्रियापद मागे राहिले.

हे सर्व वाचीत असताना लिनक्सच्या फोनावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या मनात धस्स झाल्यावाचून राहत नसे. सनद आता घोड्याच्या खोगिरातच शिवलेली. ती शिवण्याचे आणि उसवण्याचे काम ज्या कार्यक्रमाकडे, तो अँड्रॉइडमध्ये गूगलचा आणि आयफोनमध्ये ॲपलचा, दोन्ही बंदिस्त. मग ज्याच्या फोनात हे दोन्ही नाहीत त्याने काय करावे?

याचे उत्तर नियमांच्या त्याच पोथीत होते, आणि मला या कुळकथेतला सर्वांत रम्य भाग तोच वाटतो. ई-सिम उतरवण्याच्या व्यवहारात तीन पात्रे आहेत. एका बाजूस कंपनीचा दूरस्थ सर्व्हर, जेथे सनदा तयार होऊन पडलेल्या असतात. दुसऱ्या बाजूस चिप, जिला 32 अंकांचा स्वतःचा क्रमांक आणि कारखान्यातच कोरलेले स्वतःचे प्रमाणपत्र असते. आणि या दोघांमध्ये ये-जा करणारा, फोनात वसणारा एक छोटा कार्यक्रम, ज्याला एलपीए म्हणतात. चिप प्रथम सोळा बाइटांचे एक आव्हान देते. कार्यक्रम ते सर्व्हरकडे नेतो. सर्व्हर त्यावर आपली स्वाक्षरी करून प्रमाणपत्रासह परत धाडतो. चिप ती स्वाक्षरी तपासते आणि स्वतःची स्वाक्षरी करून उलट पाठवते. आणि दोघांचीही खातरजमा झाल्यावर सर्व्हर त्या एका चिपखेरीज कोणालाही उघडता येणार नाही अशा कुलपात बंद करून सनद रवाना करतो. पेशवाईतले जासूद जोडीने थैल्या नेत. थैलीवर मोर्तब असे, आत काय लिहिले आहे हे जासुदाला ठाऊक असण्याचे कारण नसे, आणि थैलीची सत्यता त्याच्या तोंडावरून नव्हे तर शिक्क्यावरून ओळखली जाई. एलपीए हा असा जासूद आहे. त्याच्यापाशी स्वतःचे प्रमाणपत्र नाही, गुपित नाही, अधिकार नाही. आणि ज्याच्यावर विश्वास ठेवण्याची गरजच नाही असे काम कोणीही करू शकतो. नियम लिहिणाऱ्यांनी हे सुरक्षिततेसाठी केले, परंतु त्यामुळेच मुक्त प्रणालीच्या मंडळींना दरवाजाची कडी आतून सापडली.

एलपॅक नावाचा सी भाषेतला छोटा कार्यक्रम हा त्या कडीला लावलेला हात. तो थेट कार्डवाचकाशी बोलू शकतो, क्वालकॉमच्या मोडेमाशी त्याच्या भाषेत बोलू शकतो, आणि 1981 च्या हेज मोडेमापासून चालत आलेल्या, 'अटेन्शन'च्या पहिल्या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या एटी आज्ञांनीही बोलू शकतो. आणि ज्या फोनांत डकवलेली चिपच नाही, त्यांच्यासाठी याहून साधी तोड निघाली: ई-सिमची चिप पुन्हा प्लास्टिकच्या कार्डावर बसवावयाची. ओपनमोकोच्या रचनेत प्रमुख वाटा असलेले हॅराल्ड वेल्टे पुढे बर्लिनच्या सिस्मोकॉम कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, आणि तिने काढता-घालता येणारे असे कार्ड विक्रीस ठेवले. अन्य व्यापाऱ्यांचीही आहेत. जी वस्तू झिजत झिजत फोनाच्या पोटात लुप्त झाली होती, ती अशा रीतीने पुन्हा माणसाच्या बोटांत आली.

असे एक कार्ड मी गेल्या पावसाळ्यात आणविले. ते यूएसबी कार्डवाचकात घातले, लॅपटॉपवर एलपॅकला चिपचा क्रमांक विचारला आणि 89 ने सुरू होणारे ते बत्तीस अंक पडद्यावर उमटले. प्रवासासाठी विकत घेतलेल्या ई-सिमची चौकटीदार खूण, म्हणजे क्यूआर कोड, कंपनीने धाडली होती. ती उलगडली की आत एकच ओळ असते: आरंभी एलपीए ही अक्षरे, पुढे एक हा अंक, डॉलरचे चिन्ह, सर्व्हरचा पत्ता, पुन्हा डॉलरचे चिन्ह आणि शेवटी सनदेची खूणगाठ. ती ओळ आज्ञेत डकवली. जासुदाच्या खेपा एकामागून एक पडद्यावर सरकल्या आणि मिनिटाच्या आतच नवे प्रोफाइल, म्हणजे चिपवर उतरलेली सनद, यादीत दिसले. ते चालू करून कार्ड काढले, पाइनफोनाची पाठ उघडली, आणि त्याच्या मायक्रो मापाच्या खाचेत ते बसवले. या क्षणापासून फोनाच्या दृष्टीने ते साधे सिम होते. मोडेम सांभाळणाऱ्या मोडेममॅनेजर या कार्यक्रमाला त्यात काही वेगळे आहे याची वार्ताही नव्हती.

चूक पुढे झाली, आणि ती माझी होती. प्रवासाहून परतल्यावर मी ते प्रोफाइल चिपवरून पुसले, पण पुसल्याची पावती सर्व्हरला पाठवली नाही. प्रत्येक फेरबदलाची स्वाक्षरीयुक्त पावती चिप स्वतः लिहून ठेवते, परंतु ती पोहोचवणे हे जासुदाचे काम. एलपॅकमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते, हे मला माहीत नव्हते. काही दिवसांनी तेच प्रोफाइल पुन्हा मागितले तेव्हा नकार आला, कारण कंपनीच्या वहीत ते अद्याप माझ्या चिपवरच नांदत होते. पावत्यांची यादी काढली, तुंबलेली पावती रवाना केली, आणि मग मार्ग मोकळा झाला.

डकवलेल्या चिपचा मामला याहून नाजूक आहे. काही फोनांत ती चिप आणि साधी खाच यांच्यात मोडेमाला एकीची निवड करावी लागते, आणि ती निवड मुक्त प्रणालीतून करता येते की नाही हे फोनागणिक वेगळे. प्रोफाइल बदलले की चिप मोडेमाला सर्व काही नव्याने वाचण्याची विनंती करते; काही मोडेम ती ऐकतात, काही ऐकत नाहीत, आणि मग मोडेम एकदा बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसते. पाइनफोनात तर त्यासाठी पाठीमागच्या झाकणाखाली एक खरीखुरी कळ आहे, बोटाच्या नखाने सरकवावी लागते अशी. ती खाली ओढावी, दहा आकडे मोजावेत, पुन्हा वर करावी; आणि अर्ध्या-एक मिनिटाने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, नव्या कंपनीच्या नावासह, संदेशवहनाच्या रेघा एकेक करून उभ्या राहतात.