कराबीन कीं कापलेली बंदूक ?

कृष्णाकांठच्या एका गांवीं जुनीं दप्तरें पाहण्यासाठीं गेलों असतां यजमानांनीं कागदांच्या रुमालांबरोबर एक शस्त्र पुढें ठेविलें. घराण्यांतील समजूत अशी कीं, ही पूर्वजांची घोड्यावरून चालविण्याची कराबीन. नळी मोजली ती १७ इंच भरली. दस्ता मात्र चांगल्या लांब बंदुकीस शोभेल असा. तोड्याच्या बंदुकीच्या नळीचें तोंड कारागीर बहुधा जाड कडें देऊन संपवितो व नेमाची माशी त्याच्याजवळ बसवितो. येथें कडें नव्हतें, माशीही नव्हती. होती ती करवतीची सरळ रेघ. गज ठेवण्याची खांचही मध्येंच तुटलेली. तात्पर्य, ही जन्मतः आखूड कराबीन नसून कोणीं तरी मागाहून कापलेली लांब बंदूक होती.

नळीच्या लांबीवरून शस्त्राची जात ठरविण्याची रीत नवी नव्हे. शुक्रनीतींत नालिकाचे बृहत् व लघु असे दोन भेद असून लघुनालिकाची नळी पांच वितस्तींची सांगितली आहे. वितस्ति बारा अंगुळांची, म्हणून हें माप सुमारें पावणेचार फूट होतें. (तो भाग किती जुना, हा वाद येथें काढीत नाहीं, परंतु त्यास प्राचीन म्हणण्यास प्रस्तुत लेखक धजत नाहीं.) बंदूक पायदळाची, कराबीन स्वाराची, पिस्तूल एका हाताचें, हा व्यवहारांतील भेदही मुख्यतः लांबीचाच.

आतां ही नळी कापली केव्हां ? हा प्रश्न इतिहासाचा तसाच कायद्याचाही आहे. साताऱ्याचें राज्य १८४८ त खालसा झालें. १८५७ च्या सप्टेंबरांत गेंडामाळावर १७ जणांस देहांत शासन झालें. शस्त्रें व दारूगोळा यांची आयात, घडण व विक्री यांवर निर्बंध घालणारा २८ वा कायदा त्याच वर्षाचा, व त्यामागून १८६० चा ३१ वा. पुढें लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा ११ वा कायदा आला. त्याच्या ५ व्या कलमानें परवान्यावांचून शस्त्र घडविणें व विकणें यांबरोबरच त्याचें रूपांतर करणेंही मना केलें.

पण हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. वाळवें व तासगांव हे तालुके सातारा जिल्ह्यांत असल्यामुळें त्याच्या कक्षेंत आले. सांगली व मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें असल्यामुळें बाहेर राहिलीं. संस्थानें १९४८ त विलीन झालीं, १९४९ त दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० त त्यास सांगली हें नांव मिळालें. म्हणून एखाद्या जुन्या शस्त्राविषयीं 'सांगली जिल्ह्यांतील' एवढेंच टिपून ठेवणें निरुपयोगी होय. गांव कोणतें, तें त्या वेळीं कोणाच्या अमलाखालीं होतें, हें लिहिल्यावांचून कोणता कायदा लागू होता हें ठरत नाहीं. संग्राहकांकडून ही चूक पदोपदीं होते.

दुसरी चूक अशी कीं, कापलेली नळी दिसली कीं ती पत्री सरकारच्या वेळची म्हणावयाची. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील व त्यांचे साथी सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, तेव्हां पहाऱ्याच्या बंदुका हातीं घेतल्या होत्या, ही गोष्ट खरी. परंतु त्यावरून घरोघरच्या गंजक्या नळीस चळवळीचा मान देतां येत नाहीं. कागद पाहिजे.

स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र-कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याचें ६ वें कलम नेमकें आमच्या विषयाचें : परवान्यावांचून नळी आखूड करूं नये, नकली शस्त्राचें खरें करूं नये. कलमांत इंच सांगितलेले नाहींत. कापण्याची क्रियाच मना आहे. इंच आले ते १९६२ च्या नियमांत. त्यांत २० इंचांहून कमी नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुका अर्धस्वयंचलित शस्त्रांच्या पंगतीस बसविल्या. म्हणजे लोहाराच्या करवतीनें शस्त्राची जातच पालटते. नियम २०१६ त नवे झाले. २०१९ च्या दुरुस्तीनें एका वर्गाचें शस्त्र दुसऱ्या वर्गांत बदलणेंही ६ व्या कलमांत घातलें आणि शिक्षा किमान सात वर्षें, कमाल जन्मठेप अशी केली.

अमेरिकेंत उलट सर्व भर मापावर. तेथील १९३४ च्या कायद्यानें रायफलीच्या नळीस १८ इंचांची मर्यादा घातली, ती १९६० त १६ झाली. आखूड पिस्तुलास खांद्याचा दस्ता जोडला कीं तेंही त्याच वर्गांत पडतें. पिस्तुलाबरोबर दस्ता व लांब नळी एकत्र विकल्यास काय, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें गेला व १९९२ त विक्रेत्याच्या बाजूनें सुटला. असा कीस पाडणें आमच्या मीमांसकांस आवडलें असतें.

संग्राहकांस उपयोगाचें कलम ४५ (क). जुन्या घडणीचीं, पुराणवस्तु म्हणून मोलाचीं किंवा नादुरुस्त शस्त्रें कायद्याबाहेर ठेविलीं आहेत. पण जीं दुरुस्तीनें अथवा दुरुस्तीवांचून बार काढूं शकत नाहींत तींच. 'दुरुस्तीनें' हा शब्द विसरूं नये. जुनेपणा एकटा पुरत नाहीं.

आमच्या यजमानांच्या बंदुकीचा कान गंजानें बुजला होता. दसऱ्यास एक बार काढावा व दस्ता कापून मूठ बसवावी, म्हणजे ती भिंतीवर पिस्तुलासारखी शोभेल, असा त्यांच्या चिरंजीवांचा बेत. गांवचा लोहार एका दिवसांत कान मोकळा करून देतों म्हणाला, हें त्यांनीं मोठ्या कौतुकानें सांगितलें. लोहाराचें तें बोलणेंच सवलतीच्या आड येतें, हें मीं त्यांस समजाविलें. करवत लावूं दिली नाहीं. नळीचें माप, तोंडाची रेघ व खांचेची तूट यांची टिपणी करून ती रुमालांत ठेविली, आणि शस्त्र जसें आहे तसें पोलीस ठाण्यास दाखवून परवान्याचा निकाल लेखी घेण्यास सांगितलें. तो अद्याप आलेला नाहीं.