गंडमाळ नव्हे

चोवीस वर्षांचा असताना माझ्या मानेत सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. आजी म्हणाली, "गंडमाळ आहे." डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त शब्द टीबी होता. सुईच्या तपासणीत ठोस काही निघालं नाही, तरी औषधं सुरू झाली. चार महिने लघवी केशरी होत राहिली आणि गाठ वाढत राहिली. शेवटी अख्खी गाठ काढून तपासली. निदान: हॉजकिन लिंफोमा.

मी सॉफ्टवेअरवाला. चूक नक्की कुठे शिरली, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून या नावाच्या मागे लागलो.

१८३२ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस हॉजकिन यांनी सात रुग्णांच्या सुजलेल्या लसीकाग्रंथींचं आणि प्लीहेचं वर्णन प्रसिद्ध केलं. सूक्ष्मदर्शक न वापरता, नुसत्या डोळ्यांनी पाहून. १८६५ मध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी या आजाराला त्यांचं नाव दिलं. पण हा क्षयच तर नव्हे, ही शंका उरलीच. १८९८ मध्ये व्हिएन्नात कार्ल स्टर्नबर्ग यांनी या ग्रंथींमधल्या मोठ्या, वेगळ्या पेशींचं नेमकं वर्णन केलं आणि तरीही आजाराला क्षयाचाच एक प्रकार मानलं. कारण समजण्यासारखं होतं: त्यांच्या बऱ्याच रुग्णांना क्षयही होता.

१९०२ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड यांनी तीच पेशी पाहिली: दोन केंद्रकांची, घुबडाच्या डोळ्यांसारखी. त्यांचा निष्कर्ष मात्र उलटा होता. दोन्ही आजार एका शरीरात असू शकतात, पण हा आजार स्वतंत्र आहे. आज त्या पेशीला दोघांचं नाव आहे.

म्हणजे माझ्या बाबतीत झालेली गफलत शंभर वर्षं जुनी होती. टीबी इतका पसरलेल्या देशात आधी तोच सुचणार, यात नवल नाही. स्टर्नबर्ग यांची नजर चुकली नव्हती. आसपास जे जास्त दिसत होतं, त्याने त्यांचा निष्कर्ष वळवला. माझी तक्रार निराळी आहे. औषधांनी गाठ बसत नाही हे दिसत असताना, पहिला अंदाज पुन्हा तपासायला चार महिने का लागले?

१९७०च्या दशकात मिलानमध्ये जानी बोनाडोना यांच्या चमूने चार औषधांचा एक उपचार रूढ केला. मला तोच मिळाला, सहा फेऱ्या. आज गाठ नाही. आजी अजूनही तिला गंडमाळच म्हणते. मी दुरुस्त करत नाही. डॉक्टरांना मात्र आता विचारतो, "हे नसेल तर काय असू शकेल?"