टँटॅलसचे कपाट

परवा नातीने विचारले, "आजोबा, टँटलाइज म्हणजे टेम्प्टच ना?" मी "हो" म्हणून मोकळा झालो. पण नंतर चैन पडेना. शेवटी शब्दकोश काढला.

या शब्दाच्या मुळाशी ग्रीक पुराणातला राजा टँटॅलस आहे. देवांच्या पंक्तीला बसण्याचा मान त्याला होता. देवांची परीक्षा घ्यायची म्हणून त्याने पोटचा मुलगा पेलॉप्स मारून त्यांच्या ताटात वाढला. आपल्याला इथे चिलया बाळ आठवतो, पण त्या कथेत मागणारा देव होता. टँटॅलसची शिक्षा होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात आहे. तो हनुवटीपर्यंत पाण्यात उभा, पण प्यायला वाकला की पाणी आटते. डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या, पण हात उंचावला की वारा त्यांना उडवून नेतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीने या नावाचे क्रियापद केले. १८०२ मध्ये एकेबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने एका नव्या धातूला टँटॅलम म्हटले, कारण आम्लात बुडवूनही त्याला आम्लाचा घोट घेता येत नव्हता!

पण मला गंमत वाटली ती 'टँटॅलस' नावाच्या वस्तूची. लंडनच्या बेटजेमान या फर्निचरवाल्यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले. (पुढे राजकवी झालेले जॉन बेटजेमन याच घराण्यातले.) लाकडी चौकटीत मद्याच्या दोन-तीन नक्षीदार काचेच्या बाटल्या, वरून आडवी दांडी आणि तिला कुलूप. बाटल्या सर्वांना दिसाव्यात, पण नोकरांनी चोरून घोट घेऊ नये. किल्ली अर्थात मालकाच्या खिशात.

टेम्प्टचे मूळ लॅटिन, अर्थ पारखणे, कसोटी पाहणे. बायबलातल्या हव्वेच्या हाताला फळ लागत होते. खायचे की नाही, हे तिला ठरवता येत होते, म्हणून तिथे पाप-पुण्याचा प्रश्न येतो. टँटॅलसला ठरवण्यासारखे काही उरलेलेच नाही. तेव्हा मी नातीला दिलेले उत्तर चुकीचे होते.

हे वाचताना आमच्या शाळेतले गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट डोळ्यांपुढे आले. काचेची दारे, आत ओळीने पुस्तके, बाहेर पितळी कुलूप. मधल्या सुट्टीत पोरे काचेला नाक लावून नावे वाचत. पुस्तके फाटतील, हरवतील, वार्षिक मोजणीत कमी भरतील, ही आमची भीती. त्याच कपाटापुढे उभा राहून मी वाचनाची गोडी या विषयावर कितीदा बोललो असेन! बरीच वर्षे किल्ली माझ्याच खिशात होती.

टँटॅलसने निदान गुन्हा तरी केला होता. त्या पोरांनी काय केले होते?

असो. नातीला फोन करून चूक दुरुस्त केली. कपाटाचेही सांगितले. ती म्हणाली, "मग उघडायचं ना, आजोबा."

माझ्याकडे उत्तर नव्हते.